"ताई, माझं डोकंच त्यासाठी नाही"

फोंड्याहून बारावीतली एक मुलगी आईबरोबर आली होती. छत्री मिटता मिटताच बोलली, "ताई, इंग्रजी येतं, लीगल रीझनिंग येतं. पण 'अमका तमक्याच्या आधी, ढमका शेवटी नाही' असली कोडी दिसली की हात गार पडतात. माझं डोकंच त्यासाठी नाही." आईची काळजी पुढची होती. "असं असेल तर हिला लॉला घालायचं की नाही?"

हा प्रश्न माझ्याकडे दर पावसाळ्यात येतो, म्हणून तिची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिला क्लॅट आणि आयलेट या लॉच्या दोन्ही प्रवेशपरीक्षा द्यायच्या होत्या. क्लॅटला १२० मिनिटांत १२० प्रश्न, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. त्यात लॉजिकलचे, म्हणजे तर्काचे, २२ ते २६ आणि तेही उताऱ्यांवरचे. आयलेटला मात्र १५० पैकी ७० प्रश्न लॉजिकलचे, त्यामुळे ही कोडी सोडून देऊन भागणार नव्हतं.

माझी चूक आधी कबूल करते. हात गार पडतात म्हटल्यावर मी भीतीवरच काम करत बसले. श्वास मोजणं, डोळे मिटणं, दोन बैठका त्यातच गेल्या. ती शांत झाली खरी, कोडी मात्र तिथल्या तिथेच. तिसऱ्या खेपेला मला सुचलं की हिला कोडं सोडवताना मी एकदाही पाहिलेलं नाही.

समोर सहा भजनी पथकांचा क्रम लावायचं एक कोडं ठेवलं. तिने पेन हातात घेतलं, टोपण काढलं नाही. नजर छताकडे, ओठ हलताहेत. चार मिनिटं झाली तरी कागद कोरा.

"लिहीत का नाहीस?"

"आधी पक्कं होऊ दे ना. खाडाखोड केली की आमच्या बाई गुण कापायच्या."

दुखणं इथे होतं. सहा पथकांचा क्रम लावायचा तर ७२० मांडण्या होतात, आणि ही त्या डोक्यात फिरवत होती. अमेरिकेच्या एलसॅट या लॉ प्रवेशपरीक्षेतून ऑगस्ट २०२४ पासून ही कोडी गेली, हे तिला ठाऊक होतं, "मग आम्हालाच का?" अशी तिची तक्रार होती. ती का गेली, ते तिने वाचलं नव्हतं. एका अंध उमेदवाराने दावा लावला होता की आकृती काढल्यावाचून हा भाग नीट सोडवता येत नाही आणि आकृती तर आपल्याला काढता येत नाही. २०१९ मध्ये त्यात तडजोड झाली. मी तिला म्हटलं, "कागदाशिवाय हे जमत नाही म्हणून माणूस कोर्टात गेला गो, आणि तू टोपणसुद्धा काढत नाहीस."

तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

मग मी विषय बदलला. चतुर्थी तोंडावर आली होती, गणपतीच्या वर फळांची माटोळी टांगायचे दिवस. "घरी माटोळी कोण बांधतं?" आजोबा, आणि हाताखाली ही. "आधी काय बांधता?" तिने विचारही केला नाही. "नारळाचा घोस. मग सुपारीचा. आंबाडे, कांगलां असली हलकी फळं कुठेही बसतात. आजोबा म्हणतात, जड तें पयलीं, नाहीतर माटोळी कलते."

म्हटलं, हेच कर. आमचं कोडं असं होतं: क, ख, ग, च, ट, प ही सहा भजनी पथकं एकामागून एक गाणार. क हा खच्या आधी. खच्या लगेच नंतर ग. च हा गच्या नंतर. ट पहिला नाही, शेवटचा नाही. प तिसरा.

ती सवयीने पहिल्या अटीपासून सुरू करणार होती. मी विचारलं, "यातला नारळ कुठला?" जरा थांबून म्हणाली, "प. तो हलतच नाही." सहा रेघा ओढल्या, तिसरीवर प लिहिला. दुसरं जड ओझं ख-ग ही जोडी. तिला सलग दोन जागा हव्यात: १-२, ४-५ किंवा ५-६. पहिली जागा नाही, कारण क आधी यायचा आहे. शेवटची नाही, कारण च नंतर यायचा आहे. उरली ४-५. तिने ५-६ वर लिहिलेलं ख-ग खोडलं आणि दचकून माझ्याकडे पाहिलं. मी काहीच बोलले नाही. च सहावर गेला. १ आणि २ वर क नि ट राहिले. ट पहिला नको, म्हणजे क, ट, प, ख, ग, च. सुट्या आंबाड्यांसारखा ट शेवटी आपोआप बसला.

आईला मी एवढंच सांगितलं की कोडी अडतात म्हणून लॉ सोडायचं कारण मला दिसत नाही. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही, आणि कोणी सांगत असेल तर त्याला फी देऊ नका.

चतुर्थीनंतर ती रफ वही घेऊन आली. पानं इतकी गिचमिड की मला एक ओळ लागेना. एका कोड्याभोवती मोठं वर्तुळ होतं. विचारलं तर म्हणाली, "हे तीन मिनिटांत हललं नाही. सोडून पुढे गेले."