गंजलेली नळी: किती घासायची, कुठे थांबायचं

प्रश्न: वडिलांची बारा बोअरची दुनळी बंदूक परवाना माझ्या नावावर झाल्यावर नुकतीच ताब्यात आली. त्याआधी कित्येक वर्षं ती चामड्याच्या पेटीत होती. नळ्यांत तांबूस-काळं दिसतं. ड्रिलला पॉलिश पेपर गुंडाळून घासू का?
– एक वाचक, सीबीडी बेलापूर

उत्तर: ड्रिल अजिबात नको. पॉलिश पेपर गंजाबरोबर चांगलं पोलादही खातो, आणि तेही कुठे जास्त, कुठे कमी. चोक, म्हणजे नळीच्या तोंडाशी मुद्दाम ठेवलेला अरुंद भाग, फुल चोक असला तरी नळीपेक्षा जेमतेम एक मिलिमीटर अरुंद असतो. तो एकदा घासला गेला की परत येत नाही.

आधी बंदूक बिजागरीवर उघडून दोन्ही घरं, म्हणजे काडतूस बसायच्या जागा, रिकामी आहेत याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करा. मग नळ्या दस्त्यापासून वेगळ्या काढा, म्हणजे तेल-पाणी लाकडात आणि कळेत, म्हणजे बार उडवणार्‍या यंत्रणेत, जाणार नाही. तोंडाला घट्ट रबरी बूच लावा, नळ्या उभ्या ठेवा आणि मागच्या बाजूने पेनिट्रेटिंग ऑइल, म्हणजे गंजात झिरपणारं पातळ तेल, भरा. २८ इंची नळीला सुमारे २०० मिली लागतं. ते २४ तास राहू द्या, गंज फार असेल तर ४८. बहुतेकांची घाई इथेच होते. भिजलेला गंज ब्रशने सुटतो. कोरडा गंज घासला की चरे पडतात.

तेल काढून घ्या. नळी साफ करायच्या गजाला बारा बोअरचा फॉस्फर ब्राँझ ब्रश लावून मागून पुढे २०-२५ वेळा चालवा. ब्रश नळीच्या मध्येच उलटा फिरवू नका, तारा वाकतात; तोंडातून पूर्ण बाहेर काढून मगच मागे ओढा. तरीही डाग उरले तर जुन्या ब्रशवर ०००० नंबरची स्टील वूल गुंडाळून, तेल लावून हलक्या हाताने फिरवा. घरापुढे आणि चोकपाशी राखाडी लांबट पट्टे दिसले तर तो गंज नाही, छर्‍यांचं शिसं आहे. ते ब्राँझ ब्रशनेच निघतं. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.

पूर्वीच्या अनेक काडतुसांच्या टोपीत, म्हणजे ठिणगी पाडणार्‍या मागच्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असे. त्यातून उरणारं क्षार हवेतलं पाणी ओढतं, आणि खाडीकाठी ओलावा बाराही महिने. हे क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून फ्लॅनेलच्या चिंधीने तेल पुसून प्रत्येक नळीतून दोन लिटर कढत पाणी सोडा. नळी तापेल, कापडाने धरा. तापलेलं पोलाद लवकर सुकतं, पण दोन नळ्यांमधल्या पट्टीखाली पाणी शिरलं तर तिथेच गंज धरतो. तिथे पाणी हटवणारं तेल सोडा. आता चिंधीने पातळ तेलाचा हात द्या. दुसर्‍या दिवशी पांढरी चिंधी फिरवा. तपकिरी आली तर सगळं पुन्हा.

चिंधी स्वच्छ येते, पण काळे ठिपके तसेच? ते खड्डे आहेत. गंज निघतो, त्याने खाल्लेलं पोलाद भरून येत नाही. चमक येईपर्यंत घासत बसाल तर नळीची भिंत पातळ होईल. इथे थांबा. नळी उजेडाकडे धरून आतली वर्तुळं पाहा. एखादं वाकडं दिसलं तर तिथे पोचा किंवा फुगवटा आहे. फुगवटा किंवा खोल खड्डे असतील तर परवानाधारक कारागिराने भिंतीची जाडी मोजेपर्यंत एकही काडतूस भरू नका. दुरुस्तीही त्याच्याकडूनच, शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे त्या कामाला परवाना लागतो.

प्रश्न: पावसाळ्यात नळीला खोबरेल लावलं तर चालेल?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: नको. खोबरेल थंडीत थिजतं, जुनं झालं की चिकटतं, आणि त्यावर धूळ बसते. शिवणयंत्राचं पातळ तेल बरं, पण पुसटसा हात पुरे. जास्त झालं तर ओघळून दस्त्याच्या तोंडाशी लाकूड मऊ पडतं. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी चिंधी फिरवा. चामड्याच्या पेटीत ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. कुलूपबंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि बंदूक तोंड खाली करून उभी करा.