वाळवंटी हवामानात घरच्या बागेत तिखट मिरची: फुलं येतात पण गळून जातात, काय करू?

तुमचा प्रश्न नीट वाचला. झाड चांगलं फोफावलंय, पानं हिरवीगार आहेत, फुलंही भरपूर येतात पण मिरची न धरता गळतात, ज्या थोड्या धरल्या त्यांच्या एका बाजूला पांढरट डाग पडलेत, आणि तुम्ही विचारताय की आता कुठलं खत घालू. खत अजिबात घालू नका. झाड हिरवंगार आहे म्हणजे त्याला खायला पुरेसं मिळतंय, वरून नायट्रोजन दिलात तर अजून पानं येतील आणि फुलं तशीच गळत राहतील.

कारण आहे तापमान, आणि त्यातही रात्रीचं. सगळे दुपारचा आकडा बघतात, पण दिवसा साधारण ३२ ते ३५ अंशांच्या वर गेलं आणि रात्रीही २४ च्या खाली उतरलं नाही की मिरचीचे परागकण नीट तयारच होत नाहीत. फूल दिसायला छान असतं पण आत जीव नसतो, मग दोनचार दिवसांत देठासकट गळतं. मिरचीला मधमाशी लागतेच असं नाही, एरवी सकाळी झाड हलकं हलवलं तरी काम होतं. फळ धरत नाही म्हणून बरेच जण ब्रश घेऊन परागीकरण करत बसतात, पण परागच मेलेला असेल तर ब्रशने काय होणार.

म्हणून सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा: भर उन्हाळ्यात झाडाकडून मिरच्या मागायच्या नाहीत, झाड फक्त जगवायचं. मिरची खरं तर बहुवर्षायू झाड आहे, आपण तिला एका हंगामाचं पीक समजतो इतकंच. उन्हाळाभर निरोगी राहिलेलं झाड रात्री थंड व्हायला लागल्या की असं लगडतं की तोडून तोडून कंटाळाल. मी बघितलंय की लोक नेमकं त्याच्या आधी, उन्हाळ्याच्या शेवटी, झाड वांझ आहे म्हणून उपटून टाकतात. फार वाईट वाटतं बघून, कारण खरा माल पुढेच असतो.

अर्थात वाळवंट सगळीकडे एकसारखं नसतं. उंचावरच्या वाळवंटात दुपार कितीही तापली तरी रात्र मस्त गार होते, तिथे भर उन्हाळ्यातच मिरची धरते, आणि अडचण असते ती हंगाम छोटा असण्याची आणि लवकर पडणाऱ्या, झाड गोठवणाऱ्या दहिवराची. तुम्ही लिहिलंय की रात्रीसुद्धा उकडतं, म्हणजे तुमचं सखल भागातलं वाळवंट, तुम्हाला वसंत आणि शरद असे दोन हंगाम मिळतात. वसंतातला हंगाम साधायचा तर थंडी संपायच्या आठ ते दहा आठवडे आधी घरात बी टाकायचं, माती २५ ते ३० अंश कोमट राहील असं बघायचं, आणि रात्री १३ अंशांच्या खाली जायच्या थांबल्या की लगेच बाहेर लावायचं. उशीर केलात तर रोप मोठं व्हायच्या आत ऊन त्याला गाठतं.

आता सावली, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. पाकिटावर लिहिलेलं असतं 'पूर्ण ऊन', पण ते सौम्य हवेच्या ठिकाणांसाठी असतं. रानमिरचीच बघा ना, चिल्टेपिन नावाची वाटाण्याएवढी जंगली मिरची अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या सोनोरन वाळवंटाच्या भागात आपोआप उगवते, पण उघड्यावर नाही, झाडाझुडपांच्या सावलीत. पक्षी ती खातात, त्यांना तिखट लागत नाही, आणि फांदीवर बसून बी खाली सावलीत टाकतात. उंदीर मात्र तिखटामुळे लांब राहतात. जॉश ट्यूक्सबरी आणि गॅरी नाभान या संशोधकांनी यावर केलेलं काम २००१ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलं होतं. सांगायचं कारण, वाळवंटातली मूळ मिरचीसुद्धा सावली धरून जगते, तर आपल्या बागेतल्या मिरचीने उघड्यावर का भाजावं?

३० ते ४० टक्के सावलीची जाळी पुरे, पांढरी किंवा चंदेरी मिळाली तर उत्तम कारण काळी स्वतः तापते. झाडाच्या वर हातभर जागा सोडून बांधा, वरून आणि पश्चिमेकडून झाका, पूर्वेकडून सकाळचं ऊन येऊ द्या. तंबूसारखं चारी बाजूंनी गुंडाळू नका, आत हवा कोंडते. आणि जाळी झाड कोमेजल्यावर नाही, उन्हाची पहिली लाट यायच्या आधी लावायची. तुमच्या मिरच्यांवरचे पांढरे कागदासारखे डाग म्हणजे सरळ उन्हाचा चटका आहे, रोग नाही, बघा ते बहुतेक पश्चिमेच्या बाजूलाच असतील. तेवढा भाग कापून बाकीची मिरची खाता येते, पण तशीच झाडावर ठेवली तर डागावर काळी बुरशी चढते. याच कारणासाठी उन्हाळ्यात पानं खुडू नका, छाटणी तर मुळीच नको, पान हीच मिरचीची छत्री आहे.

डाग टोकाला असेल, तपकिरी आणि खोलगट, तर ती वेगळी भानगड. तिथे कॅल्शियम पोचत नाही म्हणून टोक सडतं. लगेच अंड्याची टरफलं पुरायला धावू नका, वाळवंटी मातीत कॅल्शियम बहुतेकदा ढिगाने असतं, ते फळापर्यंत नेणारं पाणीच एकसारखं मिळत नसतं. एक दिवस पूर आणि मग माती ठणठणीत कोरडी, असं चाललं की हे होणारच.

पाण्याचं असं आहे की थोडं थोडं रोज शिंपडणं सगळ्यात वाईट. मुळं वरच राहतात आणि वरची माती तर भट्टी झालेली असते. ठिबक लावा, सावकाश पाणी सोडा की एक फूटभर खोल ओल गेली पाहिजे, मग वरचे दोन इंच कोरडे झाले की परत. मोठ्या उन्हात हे जवळजवळ रोजचं होतं, कुंडीत तर कधी दोनदा. दुपारी पानं मलूल झाली म्हणून घाबरून पाणी ओतू नका, संध्याकाळी ती आपोआप ताठ होतात का बघा, झाली तर सगळं ठीक आहे. सकाळीही मलूल असतील तर मात्र बोट घालून माती बघा, कोरडी असेल तर तहान, आणि चिखल असेल तर मुळं सडताहेत, दोन्हीत झाड दिसतं सारखंच आणि उपाय बरोबर उलटे. नळीत साचलेलं पाणी उन्हाने चटका बसेल इतकं तापतं, ते आधी बाजूला सोडून द्या. ठिबक जमत नसेल तर बिनझिलईचं मातीचं मडकं रोपांच्या मधे गळ्यापर्यंत पुरा, भरून तोंड झाका, ते झिरपत राहतं आणि मुळं आपणहून त्याच्याकडे जातात. मला ही पद्धत फार आवडते, पाणी वाया जात नाही.

क्षारांकडे लोक फार उशिरा बघतात. मिरची खारं सहन करणारी नाही, मातीची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षार किती आहेत याचं माप) दीड डेसिसिमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की उत्पन्न घटायला लागतं. मातीवर पांढरी खपली दिसली, पानांच्या कडा करपल्या की समजा क्षार साठलेत, मग मधून मधून एकदा नेहमीपेक्षा भरपूर पाणी देऊन ते मुळांच्या खाली ढकलायचे. घरात पाणी मऊ करायचं मशीन असेल तर ते पाणी बागेला नको, त्यात सोडियम असतं. ताजं शेणखतही नको, त्यातही क्षार असतात, चांगलं कुजलेलं कंपोस्ट घाला.

लावायच्या आधी खड्डा करून पाणी भरून बघा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर खाली बहुतेक चुनखडीचा कडक थर आहे, तो पहारीने फोडा नाहीतर वर वाफा उचलून घ्या. निचरा चांगला असेल तर मात्र उलट करा, वाफा जमिनीपेक्षा थोडा खाली ठेवा, उंच वाफे अशा हवेत पटकन सुकतात आणि तापतात. वर तीन इंच पालापाचोळा किंवा पेंढा, खोडाला चिकटू न देता. यावर कंजूषी नको.

नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं दिसलं तर लोह कमी पडतंय. मातीत लोह असतं पण पीएच (माती किती आम्ल की अल्कधर्मी याचं माप) आठच्या आसपास असला की झाडाला घेता येत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपात बांधून ठेवलेलं लोह, घेताना पाकिटावर ईडीडीएचए हे बांधणारं रसायन बघून घ्या, ईडीटीए वालं स्वस्त मिळतं पण इतक्या अल्कधर्मी मातीत टिकत नाही.

कुंडीत लावणार असाल तर वीस लिटरच्या खाली जाऊ नका, रंग फिका घ्या, आणि पश्चिमेच्या भिंतीजवळ फरशीवर ठेवू नका. काळ्या कुंडीत मुळं अक्षरशः शिजतात. मोठ्या कुंडीत छोटी कुंडी ठेवून मधे हवा राहू दिली तरी बराच फरक पडतो.

जात कुठली? बारीक फळांच्या मिरच्या उन्हात जास्त तग धरतात, थाई, केयेन, सेरानो, टबॅस्को यांच्यापासून सुरुवात करा. हालापेन्यो चालते पण उन्हाळ्यात थांबते. हाबानेरो आणि भूत जोलोकिया या कॅप्सिकम चायनेन्स नावाच्या वेगळ्या प्रजातीच्या, त्यांना उष्णता आवडते पण दमट, कोरड्या वाऱ्यात त्या रुसतात, सावली आणि वाऱ्याला आडोसा दिलात तर शरदात छान येतात. बी उगवायलाच कधी कधी महिना लागतो, धीर धरा. रोकोटो मात्र लावू नका, ती डोंगराळ थंड भागातली, सखल वाळवंटात तिचे हाल होतात. आणि कुणी सांगेल की तिखटपणा वाढवायला पाणी तोडा, ताणाने बऱ्याच जाती तिखट होतात हे खरं आहे, पण हवाच एवढा ताण देतेय, त्यात तुम्ही भर घालू नका.

कोरड्या धुळीच्या हवेत लाल कोळी येतोच. पानाच्या खालून बारीक ठिपके, जाळी दिसली की सकाळी पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने पानं खालून धुवा, सुरुवातीला एवढ्यानेच भागतं. कडुलिंबाचं तेल मारायचं तर संध्याकाळी, आणि हवा ३२ च्या वर असेल तर मारूच नका, पानं जळतात.

तर आत्ता तुम्ही जाळी बांधा, पालापाचोळा टाका, पाणी खोल आणि नियमित द्या, डागाळलेल्या मिरच्या तोडून टाका आणि गळणाऱ्या फुलांकडे दुर्लक्ष करा. रात्री २४ च्या खाली यायला लागल्या की जाळी काढा, तेव्हा थोडं खत द्या, त्यात नायट्रोजन कमीच असू दे. पुढे थंडीत पाणी निम्म्याहून कमी करा, तापमान शून्याजवळ जाणार असेल त्या रात्री जुनी चादर टाकून झाका, आणि थंडी सरल्यावर फांद्या एक तृतीयांश छाटा, म्हणजे पुढच्या वसंतात तेच झाड नवीन रोपापेक्षा कितीतरी आधी फुलावर येईल.