दातांची कीड आणि लेसर : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे. खालच्या कायमच्या दाढेत खड्डा पडलाय. ड्रिलचा आवाज आला की ती खुर्चीतून उठते. लेसरने इंजेक्शन न देता, न दुखता कीड निघते म्हणतात. खरं आहे का? (एक आई, सातारा)

दुखणं बरंच कमी होतं आणि इंजेक्शन टळण्याची शक्यताही चांगली असते. पण ‘अजिबात दुखणार नाही’ असं सांगून तिला खुर्चीत बसवू नका. कीड वरवरची असेल तर बहुतेकदा निभावतं. ती नसेजवळ पोचली असेल तर लेसरनेही सणक जाते आणि मग भूल द्यावीच लागते. एक्स-रे काढून कीड किती खोल आहे ते आधी बघून घ्या, बाकीचं त्यावर ठरेल.

दात कापायला प्रामुख्याने अर्बियम लेसर वापरतात, २९४० किंवा २७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा. त्याचा प्रकाश पाण्यात झटकन शोषला जातो. दाताच्या एनॅमलमध्ये, म्हणजे वरच्या कठीण कवचात, वजनाने तीन-चार टक्के पाणी असतं, आतल्या डेंटिनमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास, आणि किडून मऊ झालेल्या भागात त्याहून जास्त. प्रकाशाचा प्रत्येक झटका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लहान. तेवढ्यात त्या पाण्याची वाफ होते आणि आजूबाजूचा कण उडतो, तापल्या वाळूत लाह्या फुटाव्यात तसा. म्हणून चट्चट् आवाज येतो, पण ड्रिलची किरकिर आणि डोक्यात घुमणारी थरथर नसते. घाबरलेल्या मुलांसाठी खरा फायदा तोच. किडीला कमी ऊर्जा पुरते, एनॅमलला जास्त लागते. यंत्रागणिक आकडे बदलतात, पण ढोबळमानाने एनॅमलला दर झटक्याला २०० ते ३०० मिलिज्यूल आणि किडीला १०० ते १५०. त्यामुळे निरोगी दात जास्त वाचवता येतो, अर्थात चालवणाऱ्याने ऊर्जा वेळेवर कमी केली तर.

सगळ्यात महत्त्वाचं आहे ते पाणी. टोकातून फवारा सतत चालू हवा. १९६०च्या दशकात रुबी लेसर दातांवर वापरून पाहिला तेव्हा एनॅमल वितळलं आणि उष्णतेने आतली नस दुखावली; तो प्रकार तिथेच थांबला. १९६५मध्ये माकडांच्या दातांवर झालेल्या प्रयोगात नसेचं तापमान सुमारे साडेपाच अंश सेल्सियसने वाढलं तेव्हा १५ टक्के दातांतली नस मेली. आजही हीच मर्यादा समोर ठेवून काम करतात. काम चालू असताना जळका वास आला किंवा खड्ड्याचा तळ काळपट दिसू लागला, तर फवारा कमी पडतोय किंवा टोक एकाच जागी रेंगाळतंय. अशा वेळी थांबायला सांगण्यात संकोच नको. पाणी गार असल्यामुळे त्यानेही क्षणभर सणक जाते, हे मुलीला आधी सांगून ठेवा.

ड्रिलपेक्षा वेळ जास्त लागतो, हे धरून चाला. डोळ्यांना चष्मा हवा तो त्याच तरंगलांबीचा: मुलीला, डॉक्टरांना, मदतनिसांना, आणि शेजारी उभ्या असाल तर तुम्हालाही. साधा काळा गॉगल चालत नाही.

कीड काढल्यावर सिमेंट भरणं नेहमीसारखंच. लेसर फिरलेला पृष्ठभाग खडूसारखा पांढरा, खरबरीत दिसतो आणि सिमेंट चिकटावं म्हणून आधी लावतात ते ॲसिड लावायची गरज नाही असं वाटतं. इथेच चूक होते. ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडचं जेल, मग बाँड (चिकटवणारा द्रव), मग दोन-दोन मिलिमीटरच्या थरांत कंपोझिट (दाताच्या रंगाचं सिमेंट), प्रत्येक थराला साधारण २० सेकंद प्रकाश: यातली ॲसिडची पायरी गाळली तर चिकटणं कमकुवत होतं, कडेने फट पडते आणि भरलेल्या सिमेंटखाली पुन्हा कीड लागते. लेसरने काढलं म्हणून फिलिंग जास्त टिकतं, असं काही सिद्ध झालेलं नाही.

प्रश्न : पंधरा वर्षांपूर्वी दाढेत चांदी भरली होती, तिच्या कडेला काळं दिसतंय. ती लेसरने काढून घेता येईल का? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

नाही. चांदीच्या मिश्रणात पारा असतो. लेसरने ते तापून वाफ होईल, शिवाय धातूवरून किरण परावर्तित होतात. चांदी ड्रिलनेच, भरपूर पाणी आणि सक्शन ठेवून काढायची. खालची कीड मग हवी तर लेसरने. सोनं किंवा धातूची कॅप याच यादीत. आणि कडेला काळं दिसलं म्हणून लगेच उकरायची घाई नको, चांदीचा डागही तसाच दिसतो. तपासणीच्या सुईचं टोक कडेत अडकतंय का, एक्स-रेत सावली आहे का, ते बघून ठरवावं.

प्रश्न : आमच्या गावच्या दवाखान्याबाहेर ‘लेसर डेंटिस्ट’ अशी पाटी आहे. तिथे कीड काढून घेऊ का? (वाचक, बारामती)

एवढंच विचारा: ‘तुमचा लेसर अर्बियम आहे की डायोड?’ बऱ्याच दवाखान्यांत दिसणारं छोटं यंत्र डायोडचं असतं, ८१० ते ९८० नॅनोमीटरचं. ते हिरडीला उत्तम, कापलं तरी रक्त कमी येतं. पण दाताचा कठीण भाग त्याने कापला जात नाही, नुसता तापतो. डायोडवाले डॉक्टर वाईट असं नव्हे. तुमची दाढ ते ड्रिलनेच साफ करतील, आणि तेच बरोबर. फक्त त्या कामाचे ‘लेसरचे’ पैसे देऊ नका.

प्रश्न : तपासणीत लाल प्रकाशाची कांडी दाढेवर फिरवली, आकडा २८ आला आणि ‘भरून घ्या’ म्हणाले. दुखत काहीच नाही. (वाचक, डोंबिवली)

ही कांडी ६५५ नॅनोमीटरचा प्रकाश टाकते आणि किडलेल्या भागातून परत येणारी चमक मोजते. ती कापत नाही. खाचेत चहाचा डाग, अन्नाचा कण किंवा टार्टर (दातावर साचणारा कडक थर) असेल तर आकडा उगाच वर जातो. म्हणून आधी खाच ब्रशने साफ करून, वाळवून पुन्हा मोजायला सांगा, एक्स-रे काढून घ्या. पृष्ठभाग तुटलेला नसेल तर पाच टक्के सोडियम फ्लोराइडचं व्हार्निश किंवा खाच बुजवणारं सीलंट लावून तीन-सहा महिन्यांनी पुन्हा तपासता येतं. खड्डा पडला असेल तर मात्र भरून घ्यावंच लागेल.