विश्वासाला वेळ द्यावा
आपण लिहिलेल्या बालकादंबरीतला एकटा मुलगा इंदूरच्या रामबागेत राहतो, हे मला फार आवडले. परंतु कुत्रा त्याला पहिल्याच प्रकरणात बिलगतो, ते मात्र अवश्य बदलावे. रस्त्यावरचा बुजरा कुत्रा शेपूट खाली ठेवून अंतरावरूनच हुंगतो, टाकलेला पोळीचा तुकडा उचलून दूर जाऊन खातो, आणि मुलगा नजर वळवून स्वस्थ उकिडवा बसला, तरच एखादे पाऊल पुढे टाकतो. कादंबरीचा खरा जीव इथेच आहे. कुत्र्याच्या तोंडी माणसाचे विचार घालू नयेत. कुत्र्याला लाल-हिरवा भेद नीट कळत नाही, म्हणून गवतातला लाल चेंडू त्याने वासाने शोधावा. कुत्र्याला रेबीजची लस टोचायला नेल्यावर, जनावरांच्या दवाखान्यातल्या रांगेत, मुलगा समवयस्काशी आपणहून बोलू शकेल.