वाचकांचे प्रश्न : भारताचे युवा फुटबॉल संघ

अहमदाबादला ३० नोव्हेंबर २०२५ रोजी आपल्या सतरा वर्षांखालील मुलांनी इराणला हरवले, तेव्हापासून या सदराकडे फुटबॉलविषयीची पत्रे सातत्याने येत आहेत. क्रिकेटपटू विजय हजारे यांच्या वडोदऱ्यात असे क्वचितच घडते, म्हणून या वेळचे सदर आम्ही याच एका विषयाला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : स. न. वि. वि. फुटबॉलमध्ये आपण एके काळी आशियाचे युवा विजेते होतो, असे मी नातवाला सांगितले, तर त्याला ते खरे वाटेना. माझी आठवण बरोबर आहे का? आणि आपण विजेते होतो, तर विश्वचषकाला का गेलो नाही? (एक आजोबा, दांडिया बाजार)

उत्तर : आजोबा, आपली आठवण अगदी बरोबर आहे. एप्रिल १९७४ मध्ये बँकॉकला झालेल्या आशियाई युवा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराण यांची २–२ अशी बरोबरी झाली आणि दोन्ही संघांना संयुक्त विजेते घोषित करण्यात आले. शब्बीर अली हे त्या संघाचे कर्णधार होते आणि प्रशिक्षक होते अरुण घोष, म्हणजे १९६२ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघातील बचावपटू. युवा गटातले आशियाई विजेतेपद भारताला त्यानंतर आजपर्यंत मिळालेले नाही, त्यामुळे नातवाच्या पिढीला हे ऐकून माहीत नसले तर त्यात त्याचा दोष नाही. दोष असलाच, तर शब्बीर अलींसारखी नावे पुढच्या पिढीच्या कानांवर न घालणाऱ्या आपल्या सगळ्यांचा आहे.

विश्वचषकाचे उत्तर सोपे आहे. वीस वर्षांखालील खेळाडूंचा विश्वचषक तेव्हा अस्तित्वातच नव्हता. तो १९७७ साली ट्युनिशियात सुरू झाला. तोवर त्या पिढीतील मुले वयाची मर्यादा ओलांडून गेली होती आणि त्यांच्यामागून येणाऱ्यांना तशी मजल मारता आली नाही. वीस वर्षांखालील विश्वचषकात भारत आजवर एकदाही खेळलेला नाही.

प्रश्न : २०१७ चा विश्वचषक आपण आपल्या बळावर खेळलो की केवळ यजमान म्हणून? त्या मुलांचे पुढे काय झाले? शाळेत मुले विचारतात आणि मला नेमके सांगता येत नाही. (क्रीडाशिक्षक, रावपुरा)

उत्तर : यजमान म्हणून. सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे यजमानपद डिसेंबर २०१३ मध्ये भारताला मिळाले आणि त्यासोबत संघाला थेट प्रवेशही मिळाला. मुलांना हे सरळ सांगावे, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय नीट कळत नाही. इतर संघ खंडीय स्पर्धेतून तावून सुलाखून आले होते, तर आपली मुले मुख्यतः सराव दौऱ्यांवर घडली होती. त्यातच स्पर्धेच्या वर्षी प्रशिक्षक बदलले. जर्मनीचे निकोलाय अॅडम गेले आणि पोर्तुगालचे लुईश नॉर्टन द मातोश आले.

६ ऑक्टोबरला दिल्लीत अमेरिकेने आपल्याला ३–० असे हरवले. ९ ऑक्टोबरचा कोलंबियाविरुद्धचा सामना मात्र प्रत्येक क्रीडाशिक्षकाने मुलांसमोर बसून पाहावा असा आहे. पूर्वार्धात गोल झाला नाही. गोलरक्षक धीरज सिंगने अवघड फटके अडवले आणि आपल्या राहुलचा एक जोरदार फटका गोलखांबावर आदळून परत आला. मध्यंतरानंतर लगेच कोलंबियाच्या पेन्यालोसाने गोल केला, तरी आपली फळी मोडली नाही. ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनने कॉर्नर घेतला, जिक्सन सिंगने उंच उडी घेऊन चेंडू डोक्याने जाळ्यात धाडला आणि फिफाच्या कोणत्याही स्पर्धेतील भारताचा पहिला गोल नोंदला गेला. सारे मैदान उभे राहिले होते. पण मिनिटभरातच चेंडू पुन्हा आपल्या जाळ्यात होता. पुन्हा पेन्यालोसाच, २–१. बरोबरी साधल्यानंतरची पुढची दोन-तीन मिनिटे फळी आवळून धरायची असतात, हे फळ्यावर शिकवता येते. पण छाती धडधडत असताना ते अंगवळणी पडायचे असेल, तर असे अटीतटीचे सामने वर्षानुवर्षे खेळावे लागतात. ते आपल्या मुलांच्या वाट्याला आलेच नव्हते. तिसऱ्या सामन्यात घानाने ४–० ने हरवले आणि आपली स्पर्धा संपली. पुढे इंग्लंडने कोलकात्यात स्पेनला ५–२ असे नमवून चषक जिंकला. या स्पर्धेला एकूण १३,४७,१३३ प्रेक्षक आले, तोवर या वयोगटाच्या विश्वचषकाला इतकी गर्दी कधीच झाली नव्हती.

एकवीस जणांच्या त्या चमूत कर्णधार अमरजित सिंगसह आठ मुले एकट्या मणिपूरची होती. मराठी मुलांना आवर्जून सांगावे, की त्यात कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झालेला आघाडीवीर. स्पर्धेनंतर भारतीय फुटबॉल महासंघाने यातल्या अनेकांना ‘इंडियन अॅरोज’ या संघात एकत्र ठेवून आय-लीग या व्यावसायिक क्लबांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरवले, आणि आमच्या मते त्या काळातील हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता. अमरजित, जिक्सन, सुरेश सिंग, अन्वर अली, रहीम अली हे पुढे वरिष्ठ भारतीय संघातून खेळले. अन्वरची कहाणी तर वेगळीच आहे. २०१९ साली त्याच्या हृदयात दोष आढळला, खेळणे थांबले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि तरीही तो मैदानावर परतला व २०२२ मध्ये देशाच्या वरिष्ठ संघातून खेळला.

प्रश्न : आपल्या मुलांनी अर्जेंटिनाला हरवले होते, असा एक संदेश मोबाइलवर फिरतो. ही अफवा आहे का? (एक वाचक, मांडवी)

उत्तर : अफवा नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये स्पेनमधील व्हॅलेन्सियाजवळ होणाऱ्या कोटिफ स्पर्धेत भारताच्या वीस वर्षांखालील संघाने अर्जेंटिनाच्या त्याच वयोगटाच्या संघाला २–१ असे हरवले. दीपक टांगरीने चौथ्याच मिनिटाला गोल केला, उत्तरार्धात अनिकेत जाधवला लाल कार्ड मिळाल्याने आपण दहा जण उरलो, आणि त्यानंतर अन्वर अलीने फ्री किकवर दुसरा गोल केला. आपले प्रशिक्षक फ्लॉइड पिंटो होते. समोरच्या बाकावर लिओनेल स्कालोनी बसले होते, ज्यांनी चार वर्षांनी अर्जेंटिनाला विश्वचषक जिंकून दिला. मात्र ही निमंत्रितांची स्पर्धा होती, अधिकृत खंडीय किंवा जागतिक स्पर्धा नव्हे, एवढे संदेश पुढे पाठवताना जोडावे.

प्रश्न : अहमदाबादचा सामना मी मुलाला घेऊन प्रत्यक्ष पाहिला. त्या विजयाचा नेमका अर्थ काय? आता आपण विश्वचषकाला जाणार का? (एक वाचक, कारेलीबाग)

उत्तर : आपण भाग्यवान आहात. गटात इराण, लेबनॉन, पॅलेस्टाइन आणि चिनी तैपेई होते, पुढे एकच संघ जाणार होता आणि शेवटच्या सामन्यात आपल्याला विजयाखेरीज पर्याय नव्हता. आधी गोल खाऊन, मध्यंतराच्या तोंडावर पेनल्टीने बरोबरी साधून आणि उत्तरार्धाच्या सुरुवातीस दुसरा गोल करून प्रशिक्षक बिबियानो फर्नांडिस यांच्या संघाने २–१ अशी बाजी मारली. या विजयाने २०२६ च्या सौदी अरेबियातील आशियाई स्पर्धेतले स्थान मिळाले. विश्वचषकाचे स्थान तिथे मिळवायचे असते.

इथे एक बदल लक्षात घ्यायला हवा. सतरा वर्षांखालील विश्वचषक २०२५ पासून दरवर्षी होतो आणि त्यात २४ ऐवजी ४८ संघ असतात. त्यामुळे आशियाई स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी गाठणाऱ्या आठही संघांना आता विश्वचषकाचे दार उघडते. पूर्वी त्यासाठी उपांत्य फेरी गाठावी लागे. २०१८ मध्ये मलेशियात याच फर्नांडिस यांच्या संघाने व्हिएतनामला १–० ने हरवले, इंडोनेशिया आणि इराण यांना गोलशून्य बरोबरीत रोखले, गटात एकही गोल स्वीकारला नाही आणि उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाकडून केवळ एका गोलाने हार पत्करली. आजचा नियम तेव्हा असता, तर ती मुले २०१९ च्या विश्वचषकात खेळली असती. २००२ मध्येही आपण अमिरातीत याच फेरीपर्यंत पोहोचलो होतो आणि समोर कोरियाच होता. २०२३ साली थायलंडमध्ये व्हिएतनामशी १–१ अशी बरोबरी, उझबेकिस्तानकडून ०–१ आणि जपानकडून ४–८ असे निकाल लागले. पुढे स्पर्धा जिंकणाऱ्या जपानवर चार गोल करणाऱ्या संघाला आक्रमण शिकवावे लागत नाही, पण आठ गोल खाणाऱ्या संघाला बचाव शिकवावाच लागतो.

प्रश्न : सतरा वर्षांची मुले इतकी चांगली खेळतात, तर वीस वर्षांचा संघ कुठे दिसत का नाही? (महाविद्यालयीन विद्यार्थी, फतेहगंज)

उत्तर : आलेल्या पत्रांत हा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सोळा-सतरा वर्षांखालील आशियाई स्पर्धेसाठी भारत २००८, २०१२, २०१८, २०२० (ही स्पर्धा कोरोनामुळे रद्द झाली), २०२३ आणि २०२६ अशा अनेक वेळा पात्र ठरला, आणि २०१६ मध्ये यजमान म्हणून खेळला. एकोणीस-वीस वर्षांखालील आशियाई स्पर्धेत मात्र आपण २००६ नंतर दिसलेलो नाही, आणि तेव्हाही यजमान आपणच होतो. दक्षिण आशियात आपला दबदबा आहे. दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघाच्या, म्हणजे सॅफच्या, या वयोगटाच्या स्पर्धेत आपण २०१९, २०२२, २०२३ आणि २०२५ मध्ये विजेते ठरलो. २०२२ च्या भुवनेश्वरच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत बांगलादेशला ५–२ असे हरवताना गुरकिरत सिंगने एकट्याने चार गोल केले. परंतु उझबेकिस्तान, इराक, ऑस्ट्रेलिया यांच्या पंगतीला बसायचे म्हटले की आपण मागे पडतो.

कारण असे, की सतराव्या वर्षापर्यंत मुले शिबिरात असतात, एकत्र राहतात, परदेशात सामने खेळतात. त्यानंतर ती व्यावसायिक क्लबांकडे जातात आणि तिथे मधल्या व पुढच्या फळीतल्या मोक्याच्या जागा बहुधा परदेशी किंवा अनुभवी खेळाडूंकडे असतात. करार हाती असतो, पण शनिवार-रविवारचा सामना बाकावर बसून जातो. याच वयात जपानचा किंवा कोरियाचा मुलगा विद्यापीठाच्या किंवा दुय्यम श्रेणीच्या लीगमध्ये वर्षभर खेळत असतो. ‘अॅरोज’ हा यावरचाच उपाय होता. २०१० मध्ये सुरू केला, २०१३ मध्ये मोडला, २०१७ मध्ये पुन्हा उभारला आणि २०२२ मध्ये पुन्हा बंद केला. तो संघ तळाला राहतो, असा आक्षेप घेतला जाई. अठरा वर्षांच्या मुलांचा संघ प्रौढांच्या लीगमध्ये तळाला राहणारच, आणि तिथे हरत हरतच ती मुले तयार होत होती. हा उपाय पुरता मुरायच्या आत दोनदा सोडून दिला गेला याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. अलीकडे क्लबांच्या तरुण संघांसाठी विकास लीग सुरू झाली आहे आणि २०२४ पासून राज्यांच्या वीस वर्षांखालील संघांसाठी स्वामी विवेकानंद यांच्या नावाने राष्ट्रीय स्पर्धा होऊ लागली आहे. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, पण महिना-दीड महिन्याच्या स्पर्धेने वर्षभराच्या लीगची जागा भरून निघत नाही.

प्रश्न : मुलींविषयी कुणीच का लिहीत नाही? (दोन मैत्रिणी, अलकापुरी)

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. २०२२ चा मुलींचा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला आणि यजमान म्हणून आपण अमेरिकेकडून ०–८, मोरोक्कोकडून ०–३ आणि ब्राझीलकडून ०–५ असे हरलो. अस्तम उरांव कर्णधार होती. मूळ स्पर्धा २०२० ची, ती कोरोनामुळे आधी लांबली, मग रद्द झाली आणि त्याऐवजी भारताला २०२२ ची स्पर्धा मिळाली. त्यातही ऐन ऑगस्टमध्ये फिफाने आपल्या महासंघाला काही दिवस निलंबित केल्याने ती होणार की नाही, हेच ठरेना. मुलींच्या तयारीची किंमत यात कुणी मोजली नाही. पण त्यानंतर मुलींनी जे मिळवले ते निखळ कष्टाचे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांखालील संघाने यांगूनला म्यानमारला १–० ने हरवून दोन दशकांनी आशियाई स्पर्धा गाठली, आणि ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील संघाने उझबेकिस्तानला २–१ ने नमवून आपलेही स्थान पक्के केले. मुलांच्या वीस वर्षांखालील संघाला जे इतकी वर्षे साधले नाही, ते मुलींनी साधले आहे.

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, पोलो ग्राउंडवर रोज खेळतो. राष्ट्रीय संघापर्यंतची वाट कशी असते? आणि वय तपासण्यासाठी हाताचा फोटो काढतात म्हणे, ते काय? (एक आई, प्रतापनगर)

उत्तर : ताई, वाट जिल्हा संघटनेतून सुरू होते. जिल्ह्याच्या निवड चाचणीतून राज्याचा संघ, आणि राज्याच्या संघातून सब-ज्युनियर व ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धा, जिथे राष्ट्रीय निवड समितीची माणसे बसलेली असतात. शाळेच्या संघात असेल तर सुब्रतो चषक ही आंतरशालेय स्पर्धा ही दुसरी वाट आहे. तिसरी म्हणजे एखाद्या क्लबची अकादमी, पण तिथे पाठवण्यापूर्वी शाळा, जेवण आणि दुखापतीचा खर्च कोण करणार, हे लेखी विचारून घ्यावे.

वयाची मर्यादा जन्मवर्षाने ठरते. २०१७ च्या विश्वचषकासाठी १ जानेवारी २००० रोजी किंवा त्यानंतर जन्म झालेला असणे आवश्यक होते, तर २०२६ साठी हीच तारीख १ जानेवारी २००९ आहे. हाताचा ‘फोटो’ म्हणजे मनगटाची एमआरआय तपासणी. फिफाने ती २००९ च्या विश्वचषकापासून लागू केली. मनगटाजवळ, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या टोकाशी वाढीची एक पट्टी असते. ती वयानुसार भरत जाते आणि तिच्या सहा पायऱ्या मानल्या जातात. पट्टी पूर्णपणे भरलेली दिसली, म्हणजे सहावी पायरी गाठलेली असली, तर मुलगा सतराच्या वर आहे असे धरून त्याला बाद करतात. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, त्यामुळे भीती बाळगू नये. प्रो. माणिकरावांनी व्यायाम आणि हाडवैद्यक यांची सांगड घातली त्या आपल्या गावात, वाढत्या हाडांविषयी वेगळे सांगायला नको. या वयात अतिसराव टाळावा आणि मुलाची झोप पूर्ण होऊ द्यावी.

निवड चाचणीला जाताना जन्माचा मूळ दाखला न्यावा आणि त्यावरील नाव व तारीख शाळेच्या दाखल्याशी व आधारशी जुळते का, हे आधीच पाहून ठेवावे. खेळाडूची नोंदणी महासंघाच्या संगणकीय यंत्रणेत एकदाच होते आणि तीच नोंद त्याच्यासोबत वरच्या वयोगटात जाते. एखादे वर्ष कमी दाखवू या, असे कुणी सुचवले तर तिथल्या तिथे ठाम नकार द्यावा.