“पुढचं काही दिसतच नाही, मॅडम”

लातूर-धाराशिव पट्ट्यातून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या माणसांच्या तोंडी हे वाक्य सतत असतं. 2025 च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीनंतर तर फारच. सोबत आलेलं कुणीतरी म्हणतं, “जरा धीर द्या यांना.” पण ज्याचं सोयाबीन पाण्यात सडलं, त्याला “सगळं नीट होईल” म्हटलं की तो आणखीच एकटा पडतो.

एका ताईंचं सांगते. ओळख पटेल ते सगळं बदललं आहे. नदीकाठची जमीन, शेंगांना झाडावरच कोंब फुटलेले, मुलगी लातूरला बारावीत. सुरुवातीच्या भेटींत ताई नुसता हिशेब सांगायच्या. रडणं नाही, राग नाही. हिशेब संपला की गप्प.

एकदा मी टेबलावर चिंचोके आणि खडे ठेवले. म्हटलं, “तुमचं रान मांडून दाखवा.”

“आता ह्या वयात लेकरावानी खेळू का?”

“खेळा की.”

चिंचोक्यांचा बांध झाला. मग एकेक खडा आत पडू लागला. “ह्यो सोसायटीचा. ह्यो सावकाराचा. ह्यो पोरीच्या फीचा.” रान खड्यांनी भरून गेलं. मी त्यातला एकही उचलला नाही. एवढंच विचारलं, “समजा, आज येळवस आहे. कोप कुठं घालायची?” येळवस म्हणजे इकडची वेळ अमावस्या: हिवाळ्यात रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, घालून आंबिल आणि पालेभाज्या-कडधान्यांची भज्जी मिळून जेवायचा सण.

ताई बराच वेळ बघत राहिल्या. मग बोटानं दोन खडे बाजूला सारले. “हितं. बोरीच्या बुडाला. दरसाली हितंच असती.”

“जेवायला कोण कोण?”

“नणंदा येतात, भाऊ येतो. आंबिल माझ्याच हातची लागती सगळ्यांला.”

“आणि भज्जी?”

“भज्जीला हरभऱ्याची भाजी...” त्या थबकल्या. “मंग हरभरा पेरावा लागंल की.”

मी मुद्दाम काही बोलले नाही. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, “चढाचं अर्धा एकर वापशावर आलंय. बियाणं भावाकडं मिळंल.”

“रब्बीचं काय करायचं?” हे घरच्यांनी त्यांना कितीदा तरी विचारलं होतं, आणि दरवेळी उत्तर एकच, “काय नाही.” येळवशीच्या जेवणापासून मागं येत येत त्या स्वतःच पेरणीपाशी पोचल्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांनी आशेचा विचार करताना दोन गोष्टींवर भर दिला: जिथं जायचंय तिथली वाट सुचणं, आणि त्या वाटेनं मी जाऊ शकते असं वाटणं. “माझ्याच हातची” या शब्दांत मला ती दुसरी गोष्ट ऐकू आली. हरभरा त्यानंतर आला, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. खेळात चुकलं तरी काही बुडत नाही, म्हणून घाबरलेलं मनही तिथं धजावतं. मोठ्यांच्या समुपदेशनातही खेळ हवा, असं मी पहिल्यापासून म्हणत आले आहे. अशा वेळी ते पुन्हा पटतं.

कर्ज होतं तिथंच होतं. पण पुढच्या भेटीत ताईंनी सोसायटीचा खडा आपणहून उचलला आणि विचारलं, “हप्ते वाढवून मिळतेत का, कुणाला भेटावं?”

घरी असं करायचं असेल तर फार लांबचं विचारू नका. “पाच वर्षांनी काय?” या प्रश्नानं खचलेलं माणूस आणखी खचतं. दोन-तीन महिन्यांवरचा, दरवर्षी येणारा एखादा दिवस धरा. त्या दिवशी काय शिजेल, कोण येईल, कुठं बसायचं, हे विचारा. हाताशी चिंचोके, खडे, काड्या असू द्या. हात चालले की बोलणं सुटतं. वाट सुचवायची घाई करू नका, आणि दुःखाचे खडे त्यांच्याआधी उचलू नका. पोरं खेळत असतील तर मोठ्यांनी त्यांच्यात जाऊन बसावं, दुकान-दुकान किंवा भातुकलीत गिऱ्हाईक व्हावं.

झोप आणि जेवण तुटलं असेल, मरणाची भाषा तोंडी येत असेल, तर मात्र खेळावर विसंबू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीतूनही. फोन लावायला त्यांचा हात धजत नसेल, तर तुम्ही लावून द्या आणि शेजारी बसा.