उपजिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत रुजू होताना

प्रिय डॉक्टर,

बाँडची (एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेची) ऑर्डर हातात आली, उपजिल्हा रुग्णालयात कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीचा विभाग, मिळाली आणि आता पुढे एमडी इमर्जन्सी मेडिसिन करावं का, असं तू विचारतोयस किंवा विचारतेयस. तो प्रश्न शेवटी घेऊ. हे एक वर्ष नीट गेलं तर त्याचं निम्मं उत्तर आपोआप मिळेल.

कॉलेजात सवय लागते निदानाची. हिस्टरी, तपासणी, डिफरन्शियल (शक्य आजारांची यादी), मग सरांपुढे केस. कॅज्युअल्टीत आलेल्या माणसाला नेमकं काय झालं होतं, हे बऱ्याचदा तू त्याला पुढे पाठवल्यावर दुसऱ्याच गावात, दुसऱ्याच कुणाला तरी कळतं. तुझ्यापुढे प्रश्न दोनच. हा पुढच्या तासाभरात कशाने दगावू शकतो? आणि ते थांबवायला या खोलीत आत्ता काय आहे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पेशंट आल्यावर शोधायला गेलास की वेळ गेली.

म्हणून ड्यूटी घेतल्या घेतल्या रजिस्टरवर सही करण्याआधी इमर्जन्सी ट्रॉली उघड. श्वासाची ट्यूब टाकायला लागणारा लॅरिंगोस्कोप जोडून बघ, दिवा लागतो का. ब्लेड ३ आणि ४ नंबरचं, ट्यूब ७, ७.५ आणि ८ची, प्रत्येकीचा कफ फुगवून बघायचा. अँबू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी) दाबून बघ. लहान मुलांचा मास्क हमखास लेबर रूममध्ये गेलेला असतो. सक्शन चालू करून नळी बोटावर धर, ओढ जाणवली पाहिजे. ऑक्सिजनचा सिलिंडर उभा दिसतो म्हणजे भरलेला असतो असं नाही, आणि किल्ली नसेल तर भरलेलाही उपयोगाचा नाही. ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप्सची मुदत वाच. हे सगळं सिस्टरना सोबत घेऊन कर. त्यांच्यावर पाळत ठेवतोय असा सूर लागू देऊ नकोस. कुठली गोष्ट कुठे असते ते त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत असतं, आणि रात्री तीन वाजता तुला वाचवणार त्याच आहेत.

बेशुद्ध माणूस आला की आधी शुगर, मग बाकीचं. कमी निघाली तर २५ टक्के डेक्स्ट्रोजची १०० मिलीची बाटली. दारू पिणारा असेल तर सोबत थायमिन. पेशंट उठून बसतो, नातेवाईक हात जोडतात आणि घरी न्यायची घाई करतात. इथेच फसायला होतं. ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळीने उतरलेली शुगर काही तासांनी पुन्हा उतरते, आणि म्हाताऱ्या माणसाची किडनी थकलेली असेल तर दुसऱ्या दिवशीसुद्धा. अशा पेशंटला किमान २४ तास ठेवून घे.

छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी आल्यापासून दहा मिनिटांत. 'गॅस झालाय' म्हणत आलेल्या, घामाघूम झालेल्या मधुमेही माणसाचासुद्धा दहाच मिनिटांत. त्याला पॅन्टोप्राझोल देऊन बाकावर बसवू नकोस. हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक दिसला तर उजव्या बाजूची व्ही-४ लीड काढल्याशिवाय जिभेखाली नायट्रेटची गोळी नको. उजवं वेंट्रिकल सापडलेलं असेल तर बीपी कोसळतं. कॅथ लॅब (अँजिओप्लास्टीची सोय) दोन तासांच्या आत गाठता येणार नसेल तर रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध तिथेच द्यायचं, निदान झाल्यापासून अर्ध्या तासात. टेनेक्टेप्लेज असेल तर वजनानुसार ३० ते ५० मिग्रॅ एकाच दमात. वय पंचाहत्तरीपुढे असेल तर निम्मा डोस. लाइनमध्ये आधी डेक्स्ट्रोज चालू असेल तर सलाईनने धुऊन घे, नाहीतर औषध नळीतच साकळतं. मेंदूत पूर्वी रक्तस्राव, गेल्या तीन महिन्यांत पॅरालिसिस, आत्ता कुठे रक्तस्राव, पाठीत फाडल्यासारखी कळ: हे चार प्रश्न विचारल्याशिवाय सुई टोचायची नाही.

आता साप आणि विष. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी तुझी खरी परीक्षा इथेच आहे, आणि मोठ्या शहरातल्या पुष्कळ रेसिडेंटांच्या हाताखालून हे गेलेलंच नसतं.

नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर आपली लस (प्रतिविष) एकच आहे, म्हणून साप ओळखण्यात वेळ घालवायचा नाही. मारलेला साप पिशवीतून घेऊन आले तर पिशवी लांब ठेवायला सांग, मेलेल्या सापाचं डोकंही चावतं. रक्त गोठतं का ते बघायला वीस मिनिटांची चाचणी: दोनेक मिली ताजं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये घे, न हलवता ठेव, वीस मिनिटांनी एकदाच तिरकी कर. ट्यूब प्लॅस्टिकची किंवा साबणाच्या पावडरने धुतलेली असेल तर धडधाकट माणसाचं रक्तसुद्धा गोठत नाही, आणि मग नको त्याला लस जाते. नव्या काचेच्या ट्यूबचा एक गठ्ठा वेगळ्या डब्यात ठेवून दे.

विषबाधेची लक्षणं असतील तर दहा व्हायल. टेस्ट डोस द्यायचा नाही. लहान मुलालाही दहाच, कारण सापाने मूल बघून विष कमी सोडलेलं नसतं. प्रत्येक व्हायलमध्ये दहा मिली डिस्टिल्ड वॉटर घाल आणि हलक्या हाताने फिरव. जोरात हलवलं तर फेस होतो आणि औषध त्यातच राहतं. मग सलाईनमध्ये मिसळून तासाभरात सोड. ॲड्रेनालिन आधीच सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेव: खाज, उलटी, बीपी घसरणं, घरघर, काहीही सुरू झालं की लस थांबवून मोठ्या माणसाला अर्धा मिग्रॅ मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. सावरला की लस पुन्हा सुरू. रिॲक्शन आली म्हणून लस कायमची बंद करणं ही चूक फार महागात पडते. रक्ताची चाचणी सहा तासांनी परत कर.

मण्यारीची गोष्ट वेगळी. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतं म्हणून उठतो, चावल्याची खूण सापडत नाही, सूज नाही. पापण्या जड झाल्यात का बघ, मान उचलता येते का बघ, एका श्वासात किती अंक मोजतो ते ऐक. निओस्टिग्मिन आणि ॲट्रोपिन देऊन बघायला हरकत नाही, नागाला त्याचा चांगला गुण येतो, मण्यारीला फारसा येत नाही. तिथे श्वास देत राहणं हाच उपचार. बाहुल्या फाकलेल्या, हातपाय लुळे, हाक मारली तर काही नाही, असा मण्यारीचा पेशंट आतून पूर्ण जागा असू शकतो. त्याच्या खाटेपाशी 'आता काही खरं नाही' असं बोलायचं नाही आणि अँबू सोडायची नाही.

कोकणात किंवा पश्चिम महाराष्ट्रात पोस्टिंग असेल तर लाल विंचू भेटेल. घाम, थंडगार हातपाय, मग फुफ्फुसात पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या पेशंटांसाठी प्राझोसिन रुजवलं. साधी गोळी, किलोला ३० मायक्रोग्रॅम, हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी. सस्टेन्ड रिलीजची (हळूहळू विरघळणारी) गोळी इथे कामाची नाही, आणि स्टोअरमध्ये नेमकी तीच असते, हे आधी बघून घे.

ऑर्गनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक प्यायलेला आला तर एकाला बाटली आणायला पाठव. नाव कळलं नाही तरी वास, लाळ, बारीक बाहुल्या आणि छातीतली घरघर पुरेशी आहे. कपडे काढून साबणाने धुऊन काढ, हातमोजे घालून. ॲट्रोपिन ०.६ मिग्रॅच्या तीन ते पाच अँप्यूल एकदम, दर पाच मिनिटांनी छाती ऐकायची, घरघर तशीच असेल तर डोस दुप्पट. थांबायची खूण म्हणजे कोरडी छाती, कोरडी काख, नाडी ८०च्या वर आणि बीपीही ८०च्या वर. बाहुल्यांमागे लागू नकोस. नाडी आधीच वेगात आहे म्हणून ॲट्रोपिन आखडतं घेतलं जातं आणि माणूस स्वतःच्या स्रावात बुडतो. उलट बडबड, ताप, फुगलेलं पोट दिसलं तर जास्त झालंय. दोन-तीन दिवसांनी, सगळं ठीक वाटत असताना मान ढिली पडते आणि श्वास थांबतो, त्यामुळे 'बरा झाला' म्हणून जनरल वॉर्डच्या कोपऱ्यात टाकू नकोस. विष पिऊनच जातं असंही नाही. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी दगावले, ते काही प्यायलेले नव्हते. आणि सगळीच विषं या जातीची नसतात. पॅराक्वाट हे तणनाशक निघालं तर सॅचुरेशन (रक्तातला ऑक्सिजन) खरंच उतरल्याशिवाय ऑक्सिजन लावायचा नाही, त्याने फुफ्फुस अधिक जळतं. उंदीर मारायची पेस्ट खाल्लेली मुलगी हसत बोलत असते, 'थोडीशीच खाल्ली' म्हणते. लिव्हर तिसऱ्या-चौथ्या दिवशी जातं. तिला त्याच दिवशी लिव्हरची सोय असलेल्या ठिकाणी पाठव.

पाठवणं हे निम्मं काम आहे, आणि सगळ्यात वाईट तेच केलं जातं. 'रेफर टू हायर सेंटर' एवढ्या चार शब्दांची चिठ्ठी लिहायची नाही. आधी फोन, मग गाडी. पलीकडे कुणाशी बोलणं झालं ते नाव चिठ्ठीत. आल्याची वेळ, आल्यावरची आणि निघतानाची नाडी-बीपी-सॅचुरेशन-शुगर, दिलेलं प्रत्येक औषध डोस आणि वेळेसकट, लस किती व्हायल, ईसीजीची प्रत. १०८ला गाडी मागताना एएलएस (प्रगत उपचारांची) हवी की बीएलएस (प्राथमिक उपचारांची) ते स्पष्ट सांग; २०१४मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हापासून दोन्ही प्रकारच्या गाड्या आहेत आणि व्हेंटिलेटर फक्त पहिल्या प्रकारात असतो. ऑक्सिजनचा हिशेब कागदावर कर. बी टाइपच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर; मिनिटाला १५ लिटर लावले तर १०० मिनिटं. काटा निम्म्यावर असेल तर पन्नासच, आणि घाटात ट्रक आडवा झाला तर? ज्याचा श्वास वाटेत थांबू शकतो त्याला ट्यूब इथेच टाक, हलत्या गाडीत टाकता येत नाही.

एमएलसीला (पोलिसांकडे नोंद होणाऱ्या केसला) घाबरू नकोस, पण आळसही नको. उपचार आधी, कागद नंतर. सुप्रीम कोर्टाने १९८९च्या परमानंद कटारा खटल्यात हे स्वच्छ सांगितलंय. जखम लांबी, रुंदी, खोली आणि जवळच्या हाडापासूनचं अंतर अशी लिही. 'डोक्याला मार' ही नोंद कोर्टात तुलाच उभं करते. एक्स-रे येण्याआधी साधी की गंभीर हे ठरवू नकोस, मत राखून ठेव. भारतीय न्याय संहितेत गंभीर दुखापत ठरवणारी तीव्र वेदनेची मुदत आता वीसऐवजी पंधरा दिवस आहे, जुन्या पुस्तकावर विसंबू नकोस. बलात्कारपीडितेवर उपचार ताबडतोब आणि मोफत. पोलिसांचं पत्र आलं नाही म्हणून तिला बसवून ठेवायचं नाही. मृतावस्थेत आणलेल्याचं फॉर्म ४ (मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र) भरून देऊ नकोस, सरपंच आले तरी. आणि ज्याचं भरायचं त्यावर मृत्यूचं कारण 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट' लिहू नकोस. प्रत्येकच माणूस तसा मरतो.

मारहाणीच्या बातम्या वाचून तुझ्या घरचे घाबरले असतील. २०१०च्या राज्य कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि अजामीनपात्र गुन्हा आहे, पण रात्री दोनला कायदा दारात उभा नसतो. बहुतेक भांडणं मृत्यूवरून कमी आणि शांततेवरून जास्त होतात: आत नेलं, तासभर कुणी काही बोललं नाही, मग एकदम 'गेले'. दर वीस मिनिटांनी स्वतः बाहेर जाऊन दोन वाक्यं सांग, एकाच जबाबदार माणसाला. सीपीआर चालू असतानाच 'हृदय थांबलंय, प्रयत्न चालू आहेत' हे सांगून ये. मृत्यू सांगताना कॉरिडॉरमध्ये उभं राहून नको. खोलीत, बसून, सिस्टर किंवा वॉर्डबॉय मामा सोबत, दाराजवळची खुर्ची तुझी. 'गेले' हा शब्द स्पष्ट वापर. गेलेल्या माणसाला 'सीरियस आहे' म्हणून पुढे पाठवण्याची पळवाट कुणी सुचवेल, त्यातूनच दंगा होतो.

स्वतःचं: हेपॅटायटिस बीचे तीन डोस झाले असतील तरी टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण) तपासून घे. सुई टोचली तर जखम पिळायची नाही, साबण-पाण्याने धुवायची, आणि एचआयव्हीची औषधं शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू करून २८ दिवस पूर्ण करायची. ती गोळ्यांची किट रात्री कुणाच्या कपाटात कुलूपबंद असते, ते आजच विचार. नाइट संपल्यावर बाइकवरून गावी निघू नकोस, आधी झोप.

आता तुझा प्रश्न. एमसीआयने (तेव्हाच्या भारतीय वैद्यकीय परिषदेने) २००९मध्ये इमर्जन्सी मेडिसिन या विषयाला मान्यता दिली. नीट पीजीतून एमडी किंवा डीएनबी, दोन्ही तीन वर्षांची. खासगी रुग्णालयं वेगवेगळ्या नावांचे कोर्स देतात, त्यांतून शिकायला मिळतं, पण एनएमसीच्या (आताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) नोंदीत ते पदव्युत्तर पदवी धरले जात नाहीत, आणि मेडिकल कॉलेजात शिकवायची नोकरी त्यावर मिळणार नाही. फी भरण्याआधी हे लेखी विचारून घे. या शाखेत स्वतःचे पेशंट नसतात, स्वतःचा दवाखाना नसतो, पन्नाशीतही शिफ्ट असते. काहींना तेच आवडतं: ड्यूटी संपली की फोन बंद. रँकमध्ये दुसरं काही मिळालं नाही म्हणून मात्र घेऊ नकोस. सापाचा किंवा अटॅकचा पेशंट सगळ्यांनाच आवडतो. पहाटे पाचला आलेला चाळिसावा तापाचा माणूस तपासताना तुझा हात तितकाच नीट चालतो का, ते या वर्षात बघ. चालत असेल तर फॉर्म भर, आणि ट्रॉलीची सवय सोबत ने. मोठ्या रुग्णालयातही लॅरिंगोस्कोपचे सेल संपलेले असतात.